हॉर्न नको, डिपर मारा

बेडशाच्या ज्योत्स्ना ओव्हाळला गाडी कुणी शिकवली असं विचारलं, तर ती सांगते, माझी मी शिकले. हे साफ खोटं आहे. शिकवली तिच्या नवऱ्यानं, राजेंद्रनं, उन्हाळ्यात सुकलेल्या भातखाचरात, आणि शिकवताना तो बिचारा एवढा ओरडला की पुढं कितीतरी दिवस त्याचा घसा बसलेला होता. पण श्रेय वाटत फिरायची ज्योत्स्नाला सवय नाही. ताठ बाई. ह्या ताठ्यापायी तिनं एकदा मोठा घोळ घातला आणि त्याच ताठ्याच्या जोरावर पुढं तो निस्तरलाही, म्हणून हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

राजेंद्र लोणावळ्यात एका बंगल्यावर वॉचमन. मालक वर्षातून एखाददुसऱ्या वेळी येणार, आले की कुत्र्याची विचारपूस करणार, वॉचमनची नाही. त्या पगारात घर ओढत चालत होतं, म्हणून नवराबायकोनं मिळून एक जुनी व्हॅन घेतली आणि ज्योत्स्नानं बेडसे ते लोणावळा वडाप सुरू केलं. वडाप म्हणजे माणसं भरायची आणि निघायचं. त्या रस्त्याला जीपा सगळ्या बाप्यांच्या, आणि त्यांत बायकांची कुचंबणा ठरलेली. एक तर मागं लटकायचं, नाहीतर पुढं ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसायचं. ज्योत्स्नाच्या व्हॅनमध्ये ही भानगड नव्हती. बंगल्यांवर झाडलोटीला, हॉटेलात भांड्यांना, चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला जाणाऱ्या बायका तिच्याकडं आल्या आणि टिकल्या. एखादीचं पोर रडत असलं तर ती दारात थांबायची. आणि खरं सांगायचं तर पैशापेक्षा तिला ती गाडी हवी होती. स्टिअरिंगवर हात पडला की ती कुणाची सून नसायची, कुणाची बायको नसायची. हे सुख तिला चुलीपुढं कधी मिळालं नव्हतं आणि ते सोडायची तिची तयारी नव्हती.

मग कान जायला लागले.

पहिल्यांदा तिनं कुकरला दोष दिला. शिट्ट्या होत नाहीत म्हणून रिंग बदलली, मग शिट्टी बदलली, मग दुकानदाराशी भांडून आली. डाळ करपल्याचा वास आला तेव्हा लेकीनं सांगितलं, आई, कधीच्या शिट्ट्या होतायत. त्यानंतर फोन. त्यानंतर गाडीतल्या बायकांच्या गप्पा. तळेगावच्या डॉक्टरनं तपासलं आणि सांगितलं की दोन्ही कानांच्या नसा कमजोर झाल्या आहेत, गेलं ते परत यायचं नाही, मशीन घाला. तिनं एकच विचारलं, गाडी चालवू का? डॉक्टर म्हणाले, चालवा, पण मशीन घालून आणि आरशात सारखं बघत. ज्योत्स्नानं त्यातलं "चालवा" तेवढं घरी आणलं, बाकीचं दवाखान्यातच ठेवून आली.

मशीन घेतलं, पण ते चष्म्याच्या डबीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकलं. कानात घातलं असतं तर बायकांना दिसलं असतं. बायकांना दिसलं की गावाला, गावाला दिसलं की नाक्यावरच्या वडापवाल्यांच्या लाइनला. राजेंद्रचंही तेच म्हणणं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, उघडी केलीस तर कोण बसंल गाडीत? तेव्हा ती सगळ्यांना "व्हय" म्हणू लागली. कुणी काही बोललं की व्हय, बाकीच्या हसल्या की हीपण हसायची. बायका आपसात म्हणायच्या, ज्योत्स्ना अलीकडं गोड झालीय स्वभावानं, पूर्वीसारखी तोडून बोलत नाही. सगळी गंमत तिथंच होती आणि सगळा धोकाही तिथंच.

आता वडापवाल्यांची एक रीत सांगायला हवी. गाडीतला मधला आरसा रस्त्यासाठी असतो हे शहरातल्या माणसांना माहीत. वडापवाला तो मागच्या सीटकडं वळवून ठेवतो. कोण चढलं, कोण उतरलं, कुणी पैसे न देता पसार होतंय का, ते बघायला. मागून काय येतंय ते सांगायला कान असतात, हॉर्न असतो. ज्योत्स्नानंही आरसा तसाच वळवलेला होता. आरसा माणसांकडं आणि कान बंद, म्हणजे मागचा रस्ता तिच्या हिशेबी नव्हताच.

एके दुपारी ती रिकामी व्हॅन घेऊन बायकांना आणायला लोणावळ्याला निघाली होती. पवनानगर-कामशेत रस्त्याच्या साइडपट्ट्या खचलेल्या, म्हणून ती सवयीनं मधोमध चालली होती. मागून ॲम्ब्युलन्स आली. भोंगा वाजत होता, हॉर्न वाजत होता, आणि ही बाई आपली मधोमध, कामशेतला जाऊन टायरमध्ये हवा भरायची की आधी चहा घ्यायचा ह्या विचारात. बरीच वळणं गेली. शेवटी रस्ता जरा रुंद झाला तिथं ॲम्ब्युलन्स चाकं मातीत घालून तिच्या बाजूनं पुढं गेली. खिडकीत तिला लीलाबाई दिसली. गावातलीच, घारेवाड्यातली, रोज सकाळी तिच्याच व्हॅननं हॉटेलात भांड्यांना जाणारी, त्या दिवशी तेवढी घरी राहिलेली. लीलाबाईचं तोंड उघडं होतं, मान ताणलेली होती, आणि ती जिवाच्या आकांतानं काहीतरी ओरडत होती. ज्योत्स्नाला त्यातला एक शब्द आला नाही.

आत लीलाबाईचा नवरा होता, अंबाजी. छातीत कळ आलेली. तो वाचला. पण डॉक्टरांनी उशीर झाला म्हटलं, आणि त्यात त्या वळणांचा वाटा किती हे कुणी मोजलं नाही तरी गावानं ठरवून टाकलं. गावाचं म्हणणं पडलं की ओव्हाळांच्या ज्योत्स्नाला माज चढलाय. चार पैसे आले, गाडी आली, आता ॲम्ब्युलन्सलाही साइड देत नाही.

राजेंद्रनं हे ऐकलं आणि, खोटं कशाला सांगू, त्याला हायसं वाटलं. घरी येऊन तो म्हणाला, माजोरडी म्हणतायत ना, म्हणू दे. माज चार दिवसांत विसरतात, बहिरी म्हटलं की जन्माचं चिकटतं. गप बस. ज्योत्स्ना गप बसली, पण त्या रात्री जेवली नाही. खिडकीतलं ते उघडं तोंड तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ राग आला. डबीतल्या मशीनचा, नवऱ्याच्या शहाणपणाचा आणि सगळ्यात जास्त आपल्या त्या गोड "व्हय"चा.

दुसऱ्या दिवशी तिनं मशीन कानात घातलं, केसांचा अंबाडा वर बांधला, म्हणजे ते लांबूनही दिसेल, आणि अंबाजीला ठेवलं होतं त्या तळेगावच्या दवाखान्यात गेली. लीलाबाई बाकावर बसली होती. ज्योत्स्ना तिच्यासमोर उभी राहिली.

"मावशी, माज नव्हता. मला ऐकू येत न्हाई. मशीन व्हतं, मी लाजंपायी घातलं न्हाई. चूक माजी हाय."

लीलाबाईनं एकदा तिच्या कानाकडं बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. ज्योत्स्ना परत आली.

सांगून टाकलं की मन हलकं होतं असं म्हणतात. तिचं काही हलकं झालं नाही. उलट बातमी तिच्या आधी गावात पोचली, बायका गाडीत यायच्या थांबल्या, आणि राजेंद्रनं डोक्याला हात लावला. म्हणाला, संपलं, आता व्हॅन विकू. तेव्हा मात्र बाई उसळली. डोळ्याला चष्मा लागला म्हणून कुणी गाडी विकतं का, असं तिनं विचारलं. मग माझ्या कानानं काय घोडं मारलंय? चुकले ते कान गेले म्हणून नाही, चोरून ठेवले म्हणून. ऐकावं जनाचं, करावं मनाचं, अशी आपल्याकडं म्हण आहे. ज्योत्स्नाला पहिलं अर्धं जमण्यासारखं नव्हतं, तेव्हा तिनं दुसऱ्या अर्ध्यावर जोर दिला.

ती पुन्हा डॉक्टरकडं गेली आणि ह्या खेपेला सगळं घरी घेऊन आली. मशीन घालून तपासणी झाली, दाखला मिळाला, आरटीओतही जाऊन आली. पण कागद म्हणजे गाडी चालवणं नव्हे हे तिला कळत होतं. मशीन घालून पहिल्यांदा बसली तेव्हा तिला वाटलं गाडी फुटतेय. पत्रा, इंजिन, वारा, सगळं एकदम अंगावर आलं. मशीन आवाज मोठा करतं, निवडून देत नाही. काच उघडी ठेवली की वाऱ्याची नुसती शिट्टी, पाऊस पडला की टपावरच्या आवाजात बाकी सगळं बुडालेलं. म्हणजे कानावर पूर्ण भिस्त ठेवायचे दिवस गेले होते. तिनं मधला आरसा वळवून मागच्या काचेवर लावला, बाहेरचे दोन्ही आरसे मोठे बसवले, आणि नवऱ्याला म्हणाली, आता तू माझ्या मागं लाग.

राजेंद्र सुट्टीच्या दिवशी मोटरसायकल घेऊन तिच्या मागं फिरू लागला. त्याचं काम असं, की तिला न कळता जवळ यायचं, आणि तिचं काम असं, की त्याला आरशात धरायचं आणि हात बाहेर काढून दाखवायचा. तो कधी डाव्या अंगानं घुसायचा, कधी एखाद्या ट्रकच्या आडोशानं यायचा. चोरासारखा. पहिल्या दिवशी तो सारखा निसटला आणि ज्योत्स्ना रडकुंडीला आली. मग हळूहळू सापडायला लागला. तिची मान, डोळे, सगळं आरशांच्या फेऱ्याला लागलं. समोरच्या गाड्या उगाच बाजूला व्हायला लागल्या की मागून काहीतरी घाईचं येतंय, हेही तिला कळू लागलं. शेवटी राजेंद्र वैतागून म्हणाला, आता मी सापडतोच, घरी जाऊ, भूक लागली. बायकोची गाडी विकायचा विषय त्यानं परत काढला नाही.

गाडीत तिनं नियम केले. गाणी बंद. गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलायचं नाही, उतरायचं असेल तर पत्र्यावर थाप मारायची. थाप तिला सीटमधून कळायची. बायकांना ते रुचलं नाही, पण ज्या दोघीचौघी परत आल्या त्यांनी मानलं. राहता राहिला मागून येणारा. त्याला काय माहीत पुढं कोण बसलंय? तो हॉर्न मारणार, मारतच राहणार, मग चिडून वळणावरच अंग घालणार. त्याला सांगायचं कसं?

गाडीच्या पाठीवर लिहायचं असतं हे मावळात कुणाला सांगावं लागत नाही. कुणी देवाचं नाव लिहितो, कुणी लेकरांची, कुणी जळणाऱ्यांना टोमणा. ज्योत्स्ना कामशेतला रेडियमवाल्याकडं गेली आणि काय लिहायचं ते सांगितलं. त्यानं दोनदा विचारलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, ताई, आईवडिलांचा आशीर्वाद टाकू का, छान दिसेल. ती म्हणाली, आशीर्वाद घरी आहेत, मी सांगते ते काप. शेवटी त्यानं मान हलवत अक्षरं कापली आणि मागच्या दारावर, काचेच्या खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळी धमक ओळ चिकटवली: चालकाला कमी ऐकू येते. हॉर्न नको, डिपर मारा. डिपर म्हणजे हेडलाइटची उघडझाप; ती आरशात दिसते.

ही ओळ नाक्यावर पोचली आणि भडका उडाला. कामशेतच्या नाक्यावर वडापची लाइन असते, गाड्या नंबरानं उभ्या राहतात, आणि लाइनचा म्होरक्या बाजीराव. माणूस तसा वाईट नव्हता, पण आपल्या जीपच्या स्पीकरएवढाच मोठा आवाज असलेला. त्यानं सगळ्या ड्रायव्हरांसमोर ज्योत्स्नाला बोलावलं. तिला वाटलं, आता हे म्हणणार बहिऱ्या बाईनं गाडी चालवू नये. त्याला उत्तर तिनं तयार ठेवलं होतं. पण बाजीरावनं भलतंच काढलं. गाडी चालव, आमचं काही म्हणणं नाही, म्हणाला. पण ती ओळ काढ. लोक वाचतात, हसतात, भितात. आज एक गाडी अशी, उद्या म्हणतील लाइनच सगळी आंधळ्या-बहिऱ्यांची. इतके दिवस चालवत होतीस, कुणाला कळलं का? तशीच चालव.

ज्योत्स्ना त्याच्या ओठांकडं बघत होती. मशीन होतं, ओठ होते, तरी आपण ऐकलं ते बरोबर का, असं तिला वाटलं. तिनं त्याला पुन्हा बोलायला लावलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं, आणि तेव्हा तिचं टाळकं सटकलं.

"म्हंजी चोरून चालवली तवा मी तुमच्या लाइनीत चालले. अंबाजीआबा मरता मरता वाचले, तरी चालले. आता खरं लिवलं, तर चालत न्हाई?"

बाजीराव म्हणाला, इज्जतीचा प्रश्न आहे.

"बाजीरावभाऊ, काचा लावून गानी लावता तुमी, तवा तुमाला तरी मागचा भोंगा ऐकू येतो व्हय? तुमच्या गाडीमागं कोन लिवनार? ती वळ न्हाई निघायची. निघाली की मी पुन्हा तीच हुईन, डबीत कान ठिवनारी."

कुणीतरी हसलं, आणि हसणारा चुकीच्या वेळी हसला, कारण बाजीराव आणखी पेटला. निकाल लागला. ओळ असेपर्यंत लाइनीत नंबर नाही. वर त्यानं जाहीर केलं की उद्यापासून बेडशाच्या बायकांना आणायला आपली जीप जाईल, तिच्याच वेळेला, बेडशाच्या फाट्यावर. बायका तरी किती दिवस बहिरीच्या गाडीत जीव घालतात ते बघू.

राजेंद्र त्या संध्याकाळी बादली घेऊन गाडीशी गेला. त्यानं गाडी धुतली, आणि मागची ओळ फडक्यानं जरा जास्तच घासून लख्ख केली. ज्योत्स्नानं ते बघितलं. नाक्यावर ती वाघीण होती, पण घरात ती एकच हिशेब पुन्हापुन्हा घालत होती. उद्या फाट्यावर बायका जीपमध्ये बसल्या तर व्हॅन ठेवून करायचं काय? बाजीरावशी भांडता येतं. न येणाऱ्या बायकांशी भांडता येत नाही.

सकाळी ती फाट्यावर गेली तेव्हा जीप आधीच उभी होती, गाणं लावून. बाजीराव दाराला टेकून तंबाखू मळत होता. बायका डबे घेऊन दोन्ही गाड्यांच्या मध्ये उभ्या. एकमेकींकडं बघत, पदर सारखे करत, रोज ज्योत्स्नाच्या गाडीत बसणाऱ्या त्याही पाय उचलत नव्हत्या. ज्योत्स्ना गाडीतून उतरली नाही. हाक मारायची नाही असं तिनं घरीच ठरवलं होतं. मोठ्या आरशात ती त्यांना बघत राहिली.

तेवढ्यात लीलाबाई आली. अंबाजीला घरी आणल्यापासून ती पहिल्यांदाच कामाला निघाली होती. तिला बघून बायका आणखीच आक्रसल्या, कारण आता ही काय बोलेल ह्याची सगळ्यांना भीती. बाजीरावनं गाणं कमी केलं आणि जीपचं पुढचं दार उघडून धरलं. लीलाबाई त्याच्या बाजूनं चालत व्हॅनच्या मागं आली. तिला वाचायला वेळ लागला. ओठ हलवत तिनं ती ओळ शेवटपर्यंत वाचली. मग वळसा घालून ज्योत्स्नाच्या खिडकीशी आली, तिला समोरून दिसेल अशी उभी राहिली आणि सावकाश बोलली.

"मी तुला माफ केलेलं न्हाई. ध्येनात ठेव." मग जीपकडं हात केला. "पर त्या गाडीत कुनाला काय ऐकू येतं, काय येत न्हाई, मला ठावं न्हाई. तुजं लिवलेलं हाय."

आणि ती आत जाऊन बसली, मांडीवर डबा ठेवून. तिच्यामागून एक चढली, मग दुसरी, मग उरलेल्या सगळ्या एकदम, रेटारेटी करत. कुणी ज्योत्स्नाकडं बघितलं नाही, बघितलं असतं तर ती रडली असती आणि मग गाडी कुणी चालवली असती? तिनं नाक पुसलं, तिन्ही आरसे बघितले आणि गाडी काढली.

वळणांच्या पट्ट्यात बाजीरावची जीप मागं लागली. तो हॉर्न मारत होता हे तिला आरशाच्या कडेला हलणाऱ्या बायकांच्या खांद्यांवरून कळलं. सगळ्या हसत होत्या, लीलाबाई सोडून. ज्योत्स्नाला तो आरशात दिसत होता, पण समोर वळण होतं. वळणात कुणालाच साइड द्यायची नाही हे ती राजेंद्र मोटरसायकलनं मागं लागायचा तेव्हा शिकली होती. वळण संपलं. रस्ता मोकळा झाला. बाजीरावचा हात अजून हॉर्नवरच असणार, कारण बायकांचं हसणं थांबेना. मग बऱ्याच वेळानं, जिवावर आल्यासारखा, त्यानं हेडलाइट उघडमीट केला.

ज्योत्स्नानं तत्काळ गाडी डावीकडं घेतली आणि हात बाहेर काढून त्याला वाट दिली. बाजीराव मान न वळवता पुढं निघून गेला. त्याच्या जीपमध्ये एकही बाई नव्हती.